न जेवलेल्या जेवणाचे पैसे : एका वसतिगृहाच्या मेसमधलं खाड्याचं प्रकरण

पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडं आत असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांच्या वसतिगृहातलं हे प्रकरण आहे. खाडा म्हणजे मेसमध्ये न जेवलेला दिवस, ज्याचे पैसे बिलातून वजा व्हावेत अशी अपेक्षा असते. साल २०१८-१९. मी तिथे शिकवत होतो आणि सहायक रेक्टर म्हणून मेस समितीवर होतो. महाविद्यालयाचं नाव इथे देत नाही, कारण असंच भांडण थोड्याफार फरकाने कुठल्याही वसतिगृहात झालेलं सापडेल. आकडे मात्र आमच्याच समितीच्या कागदांवरचे आहेत, सोयीसाठी थोडे गोल केलेले.

मेसला २४० मुलं होती. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त आसपासच्या तीन जिल्ह्यांतली: कराड, विटा, इस्लामपूर, जत, इचलकरंजी. शुक्रवारी शेवटचं प्रॅक्टिकल उरकलं की पाठीवर सॅक टाकून ही मुलं एसटी पकडायची आणि सोमवारी सकाळी थेट वर्गात उगवायची. उरलेली सगळी लांबची. लातूर, नांदेड, बीड, वाशिम, यवतमाळ. दिवाळी आणि उन्हाळा सोडला तर ती हलत नसत, कारण जायचं-यायचं भाडंच महिन्याच्या खर्चाचा मोठा तुकडा खायचं.

मुलांचे हे दोन गट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

डिव्हायडिंग मोडली आणि ठेका आला

त्याआधी बरीच वर्षं आमच्याकडे डिव्हायडिंग सिस्टीम होती. मुलांतलाच एक मेस सेक्रेटरी, त्याच्या हाताखाली दोघं-तिघं. महिन्याचा सगळा खर्च (किराणा, भाजी, गॅस, आचाऱ्याचा पगार) एकत्र करायचा, सगळ्यांच्या हजेरीचे दिवस मिळवायचे, भागायचं आणि ज्याने जितके दिवस खाल्लं त्याने तितके द्यायचे. कागदावर याहून न्याय्य पद्धत नाही. खाड्याचा नियमच लागत नाही, खाडा आपोआप वजा होतो.

पण आचाऱ्याचा पगार मुलं गावी गेली म्हणून कमी होत नाही. फेब्रुवारीत रोजचा दर ६५ निघायचा तर नोव्हेंबरात, निम्मी मेस रिकामी असताना, तोच ११०च्या पुढे जायचा. मागे राहिलेली मुलं बोंब मारायची. त्यावर उपाय म्हणून ‘किमान वीस दिवसांचे पैसे द्यावेच लागतील’ असा नियम आला, आणि मग गावी जाणारी मुलं बोंब मारू लागली. भरीला सेक्रेटरीच्या खरेदीच्या पावत्या. वांग्याचा भाव मंडईत काय होता आणि वहीत काय लागला यावरून दर सत्रात एक सेक्रेटरी बदलायचा. शेवटी वाण्याची उधारी एवढी तुंबली की त्याने माल बंद केला. त्या वर्षी संस्थेने ठेका द्यायचं ठरवलं.

ठेका देताना जीएसटीचा प्रश्न निघाला, तो थोडक्यात सांगतो कारण दरावर त्याचा परिणाम झाला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने महाविद्यालयांच्या मेसबद्दल परिपत्रक काढलं आणि दहा दिवसांत त्याचं शुद्धिपत्रकही काढलं. त्याचं सार असं, की शिक्षणसंस्था स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना जेवण देत असेल तर कर नाही. बाहेरच्या ठेकेदाराला काम दिलं तर कर आहे, पाच टक्के. म्हणजे संस्थेने स्वतः मेस चालवली असती तर माणशी शंभरेक रुपये वाचले असते. पण मग अन्नसुरक्षेचा परवाना संस्थेच्या नावे, आचारी संस्थेचे, भाजीत अळी निघाली तर जबाबदारी संस्थेची. वर्षाची उलाढाल पन्नास लाखांच्या वर जाणार होती, म्हणजे नुसत्या नोंदणीवर भागणार नव्हतं, राज्याचा परवानाच लागला असता. प्राचार्यांनी हात जोडले. पाच टक्के मुलांच्या माथी बसले.

ठेकेदार जवळच्याच गावचा, लग्नाच्या पंगती करणारा. मुलं त्याला अण्णा म्हणायची, आम्हीही अण्णाच म्हणायचो. दर ठरला महिना २,४०० रुपये, करासह. रोजचे ८०. सकाळी नाष्टा आणि चहा, दोन वेळचं जेवण, बुधवारी अंडाकरी किंवा चिकन (जादा कुपनावर, ज्याला हवं त्याने घ्यावं), रविवारी सकाळी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. रविवारी संध्याकाळी बंद ही महाराष्ट्रातल्या मेसची घटनादत्त तरतूद आहे, तिच्यावर कुणी चर्चाही करत नाही.

छापील अटी

प्रवेशाच्या वेळी मुलांकडून जो फॉर्म भरून घेतला त्याच्या मागच्या बाजूला अटी होत्या. अनामत एक हजार, सत्राच्या शेवटी परत. कार्ड दुसऱ्याला वापरू देणार नाही. गेस्ट असेल तर वेळेला साठ रुपये. ताट खोलीवर नेणार नाही, आजारी असल्यास रेक्टरच्या चिठ्ठीवर डबा मिळेल. मेसची फी सत्राच्या सुरुवातीला. आणि सहावी अट, जशीच्या तशी:

‘सलग तीन पूर्ण दिवस गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याने किमान दोन दिवस आधी वसतिगृह कार्यालयात लेखी अर्ज दिल्यासच खाडा धरला जाईल. महिन्यात जास्तीत जास्त आठ खाडे.’

ही अट आम्ही शेजारच्या एका महाविद्यालयाच्या फॉर्मवरून उतरवून घेतली होती. त्यांनी आणखी कुठून तरी घेतली असणार. पुण्यातल्या खासगी मेसच्या भिंतींवर पाट्या असतात, त्यांतही हीच तीन दिवसांची भाषा दिसते. तीन का, याचं उत्तर कुणाजवळच नव्हतं.

तीनच्या आकड्याचा अर्थ आमच्या वसतिगृहात काय झाला ते बघा. शुक्रवारी दुपारी जेवून निघालेला मुलगा सोमवारी दुपारी जेवायला परत येतो. मधे पूर्ण दिवस दोनच, शनिवार आणि रविवार. शुक्रवारची रात्र आणि सोमवारचा नाष्टा हे अर्धवट दिवस, ते मोजायचे नाहीत. त्यामुळे जवळच्या १३० मुलांनी दर आठवड्याला दोन दिवस जेवण सोडलं तरी वर्षभरात त्यांचा एकही खाडा बसत नव्हता. अट कुणी मुद्दाम बेतली असती तर इतकी नेमकी बसली नसती.

मुलांना हे कळत नव्हतं असं नाही. ऑगस्टमध्येच कुरबुर सुरू झाली. ९ ऑगस्टच्या महाराष्ट्र बंदला एसटी बंद होत्या, गावी गेलेली काही मुलं अडकली, त्यांचे दिवस तीनच्या वर गेले. पण बंद होणार हे दोन दिवस आधी लेखी कसं कळवायचं? अर्ज नाही म्हणून खाडा नाही. तेव्हा रक्कम लहान होती, प्रकरण तिथेच विझलं.

गणपतीची सुट्टी

त्या वर्षी गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला, गुरुवारी आली. शुक्रवार मधे अडकलेला, त्याला लागून शनिवार-रविवार आणि गौरी. जवळच्या मुलांनी सोमवारपर्यंतची सुट्टी धरूनच टाकली. या वेळी सलग चार पूर्ण दिवस होत होते, खाडा बसणार होता, आणि मुलंही शहाणी झाली होती. नव्वदच्या आसपास अर्ज तयार होते.

अर्ज घ्यायचे वसतिगृहाच्या लेखनिकाने. तो कोकणातला. कोकणातला माणूस गणपतीच्या आठवड्यात जागेवर सापडेल अशी अपेक्षा धरून ज्याने अट लिहिली त्याने कोकण पाहिलेलं नाही. सोमवारी दुपारीच तो गेला होता. मुलांनी मंगळवारी कार्यालयाला कुलूप बघितलं आणि अर्जांचा गठ्ठा मेसच्या काउंटरवर दिला. काउंटरवरच्या पोराने तो तांदळाच्या डब्यावर ठेवला. कुठल्याही अर्जावर आवक शिक्का नाही, तारीख मुलांनी स्वतः घातलेली.

महिनाअखेर हिशेब आला तेव्हा एकही खाडा धरलेला नव्हता. अण्णाचं म्हणणं सरळ होतं, “साहेब, कार्यालयाच्या रजिस्टरला नोंद नाही. अटीत काउंटर लिहिलेलं नाही.” मुलांचं म्हणणंही सरळ होतं, “सर, आम्ही गेलो हे अण्णांना दिसलं नाही का? नव्वद ताटं कमी लागली, तेवढ्या पोळ्या कमी लाटल्या, मग पैसे कसले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी मेसवर बहिष्कार टाकला. घोषणा नाहीत, तोडफोड नाही. सगळी मुलं कॅम्पसबाहेरच्या वडापावच्या गाड्यावर. आत २४० जणांचे पोहे तसेच पडून. दुपारी आमटी-भात आणि गवारीची भाजी पडून. पोळ्या लाटणाऱ्या मावश्या टेबलाला टेकून बसलेल्या, त्यातल्या एकीने मला विचारलं, “सर, आमची हजेरी लागंल न्हवं?” रोजावर होत्या त्या. संध्याकाळी प्राचार्यांनी समिती बसवली: रेक्टर, मी, लेखा विभागातले एक गृहस्थ, चार मुलं आणि अण्णा.

अण्णाची वही

पहिल्या बैठकीत नुसता आरडाओरडा झाला. दुसऱ्या बैठकीला लेखा विभागातल्या गृहस्थांनी अण्णाला एकच सांगितलं: वही आणा, तोंडी काही नको. अण्णा दोन दिवस टाळत राहिला आणि मग लाल कापडी बांधणीची वही घेऊन आला. पानांना हळदीचे डाग आणि किराणा, भाजी, गॅस, माणसं असे चार रकाने. वही फार व्यवस्थित होती. पंगतीचा माणूस हिशेबाला कच्चा असून चालत नाही.

त्यातून जे निघालं ते असं. महिन्याची जमा ५ लाख ७६ हजार. त्यातून जीएसटीचे साडेसत्तावीस हजार गेले की हातात येतात साधारण ५ लाख ४८ हजार. अकरा माणसांचे पगार १ लाख ५ हजार. गॅस चाळीस हजार. व्यावसायिक सिलिंडर, त्याला सवलत नाही, आणि घरगुती लाल सिलिंडर वापरताना सापडला तर वेगळीच भानगड. दळण, टेम्पो, भांडी, कॉलेजला द्यायचा वीज-पाण्याचा आकार मिळून वीस हजार. म्हणजे मुलं येवोत न येवोत, १ लाख ६५ हजारांची बेरीज ठरलेली.

उरला शिधा. माणशी रोजचे पन्नास रुपये. सगळी मुलं तीसही दिवस जेवली तर शिध्याला ३ लाख ६० हजार लागतात, आणि अण्णाला महिन्याला जेमतेम तेवीस हजार सुटतात. पण १३० मुलं महिन्यातले आठ दिवस नसतात. हजार-एक ताटं वाचतात, त्यांचा शिधा बावन्न हजार. प्रत्यक्षात सुटत होते पंचाहत्तर हजार.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत शांतता झाली. अण्णाच्या कमाईचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग न जेवलेल्या जेवणातून येत होता.

इथे मुलांना वाटलं आपण जिंकलो. “सर, झालं की. ऐंशीच्या दराने आमचे आठ खाडे परत करा.” लेखावाल्यांनी तेही मांडून दाखवलं. हजार चाळीस खाडे गुणिले ऐंशी, ८३ हजार. अण्णाला सुटतात पंचाहत्तर. म्हणजे तो मेस पदरमोड करून चालवणार. मुलगा घरी गेल्यावर अण्णाचे वाचतात पन्नास, ऐंशी नाही. उरलेले तीस पगारात आणि गॅसमध्ये गेलेलेच असतात. ही गोष्ट एकदा फळ्यावर दिसली की पुन्हा समजावून सांगावी लागत नाही, आणि मला वाटतं प्रवेशाच्या दिवशी अटींच्या कागदाऐवजी हा एवढा हिशेब छापून दिला असता तर बहिष्काराची वेळ आली नसती.

अण्णानेही एक गोष्ट काढली, जी आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात नव्हती. टेंडर भरताना त्याने शेजारच्या मेसमध्ये चौकशी केली होती आणि शनिवार-रविवार निम्मी मेस रिकामी असते हे धरूनच २,४०० भरले होते. तसं नसतं तर २,६०० भरले असते. “तुमची पोरं जात्यात म्हणून तर दर कमी हाय, साहेब.” म्हणजे गावी जाणाऱ्यांचे पैसे नुसते अण्णाच्या खिशात गेले नव्हते. त्यांचा काही भाग राहणाऱ्यांच्या ताटातही आला होता.

राहणाऱ्यांची बाजू

तोवर बैठकीत बोलत होती ती सगळी जवळची मुलं. चौथा प्रतिनिधी वाशिम जिल्ह्यातला, शेवटच्या वर्षाचा, तो गप्प होता. त्याला मुद्दाम विचारलं तेव्हा त्याने दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली: खाडे द्यायचे असतील तर द्या, पण दर वाढवून देऊ नका. कारण दोनशेने दर वाढला की जाणाऱ्याला तो खाड्यातून परत मिळेल, राहणाऱ्याला नाही. त्याच्या गटातल्या बऱ्याच मुलांना राज्य सरकारचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मंजूर होता, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीचा. त्या वेळी मोठी शहरं सोडून इतर ठिकाणी तो वर्षाला २० हजार होता, दहा महिन्यांचे. महिना दोन हजार, म्हणजे मेसच्या दरापेक्षाही चारशेने कमी. आणि तोही खात्यावर कधी येईल त्याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट त्याने अण्णाकडे बघून सांगितली. “शनिवारी रात्रीची भाजी शुक्रवारचीच असते. रविवारी फीस्ट म्हणता, पण बुधवारी सगळी पोरं असताना गुलाबजाम दोन आणि रविवारी एक.” अण्णाने मान खाली घातली. लोक कमी म्हणून स्वयंपाकात लक्ष कमी, हे कुठल्याही मेसमध्ये घडतं. पण त्याचा अर्थ असा होत होता की, घरी जाणारे पैसे भरून जेवत नव्हते आणि राहणारे पूर्ण पैसे भरून अर्धवट जेवत होते.

मेसच्या भांडणात ‘विद्यार्थी विरुद्ध ठेकेदार’ अशी मांडणी आपसूक होते. विद्यार्थी संघटनेचे निवेदन घेऊन आलेले बाहेरचे कार्यकर्ते तीच मांडणी घेऊन आले होते आणि चहा पिऊन गेले. विद्यार्थ्यांमध्येच दोन गट आहेत, त्यांचं हित एकमेकांच्या आड येतं, आणि जो गट गरीब आहे तोच कमी बोलतो, हे त्या निवेदनात कुठेच नव्हतं.

(अमेरिकेत एमएस करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याशी याच सुमारास बोलणं झालं. तिकडे अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या निवासी मुलांना मील प्लॅन सक्तीचा असतो, आठवड्याचे ठरावीक स्वाइप (एकदा कार्ड घासलं की एक जेवण) मिळतात आणि त्या आठवड्यात वापरले नाहीत तर गेले. तो म्हणाला, “सर, इथे तर खाड्याचा अर्जही घेत नाहीत.” समितीत मी हे सांगितलं नाही, अण्णाच्या हाती कोलीत कशाला द्या.)

नवी सहावी अट

पर्याय बरेच फिरले. पुन्हा डिव्हायडिंग आणा, असं एक जण म्हणाला. लेखावाल्यांनी जुनी उधारीची फाईल टेबलावर ठेवली आणि तो विषय संपला. दर वेळच्या जेवणाला कुपन, जेवाल तेवढे द्या, हे ऐकायला सगळ्यांना आवडलं. पण मग किती जणांचा स्वयंपाक करायचा हे अण्णाला सकाळी कळणार नाही, आणि अंदाज चुकला की अन्न एक तर वाया जाणार नाही तर कमी पडणार. जादा कुपन बुधवारच्या चिकनला चालतं, कारण ते आदल्या रात्री घ्यावं लागतं.

शेवटी ठरलं ते असं. २,४०० दर तसाच, पण पावतीवर त्याचे दोन भाग: स्थिर आकार ९००, शिधा रोजचे ५० प्रमाणे १,५००. खाडा फक्त शिध्यातून मिळेल, आणि तोही चाळीसच्या दराने. दहा रुपये अण्णाकडे, कारण नाशवंत माल थोडा वाया जातोच. तीन दिवसांची अट रद्द. जो दर शनिवार-रविवार जाणार त्याने महिन्याच्या सुरुवातीला एकदाच तसं कळवायचं, त्याला निळं कार्ड. निळ्या कार्डावर शनिवार-रविवार जेवण नाही. आयत्या वेळी थांबला तर गेस्टच्या दराने जेवावं. एरवीच्या खाड्याला आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मेसच्या काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये मुलाने स्वतः नाव लिहायचं आणि शेजारी काउंटरवाल्याची सही घ्यायची. कार्यालय यातून पूर्ण बाहेर.

निळ्या कार्डवाल्याला महिन्याला ३२० रुपये वाचत होते. मुलांना ते कमी वाटले. ६४० मिळायला हवे होते अशी त्यांची मनोमन बेरीज होती आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

अण्णाचे पंचाहत्तर हजार मात्र चौतिसावर येत होते. तो उठून निघालाच होता. त्याला थांबवलं ते दोन गोष्टींनी. एक, करार वर्षाचा होता तो तीन वर्षांचा केला आणि वीज-पाण्याचे सहा हजार माफ झाले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती आणि ती वहीच्या शेवटच्या पानांवर सापडली. भत्त्याची वाट बघणारी साठ-एक मुलं फी वेळेवर भरत नव्हती. अण्णा त्यांना उपाशी ठेवत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण तीन महिन्यांत सव्वाचार लाखांच्या वर येणं साचलं होतं, आणि ते भागवायला तो वाण्याकडून उधारीवर चढ्या दराने माल उचलत होता. महिन्याला दहा हजार त्यात जात होते, तेलात आणि डाळीत मिसळून, म्हणून वहीत वेगळे दिसत नव्हते. महाविद्यालयाने ठरवलं की दर महिन्याच्या दहा तारखेला सगळ्या मुलांची मिळून रक्कम संस्था अण्णाला देईल आणि उशिरा भरणाऱ्या मुलांकडून संस्था नंतर वसूल करेल. या एका ठरावाने माझ्या मते खाड्याच्या कलमापेक्षा जास्त काम केलं. अण्णा रोखीने माल घेऊ लागला आणि भाजी सुधारली.

राहणाऱ्यांसाठी कलमात एक ओळ घातली: शनिवार-रविवारचा जेवणाचा तक्ता वेगळा लिहून लावायचा, आणि रविवारी संध्याकाळी, मेस बंद असली तरी, मसालेभाताचं पातेलं काउंटरवर ठेवायचं. घटनादत्त तरतुदीला पहिली दुरुस्ती. रविवारी फीस्टला गोड पदार्थ बुधवारच्याच मापाने. हे माप लिहिताना वाशिमवाल्याने नग लिहायला लावले, ‘पुरेसं’ हा शब्द त्याने खोडायला लावला.

गणपतीचे ते नव्वद अर्ज? चाळीसच्या दराने चार दिवसांचे धरले, निम्मे अण्णाने दिले, निम्मे विद्यार्थी कल्याण निधीतून गेले. कुणीच खूश नव्हतं.

पीएलचा महिना

ऑक्टोबर बरा गेला. ११८ निळी कार्डं निघाली. रविवारी दुपारीच गावाहून परतलेली निळ्या कार्डाची मुलं संध्याकाळी मसालेभाताच्या रांगेत दिसू लागली, आणि गेस्टचे साठ मागितले की ‘भातच तर आहे’ म्हणून हुज्जत घालू लागली. त्यावर मसालेभाताचं वेगळं वीस रुपयांचं कुपन काढलं.

खरी अडचण नोव्हेंबरात आली. दिवाळी पहिल्या आठवड्यात, तिला लागून पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, आणि परीक्षा डिसेंबरात. स्थिर आकाराबद्दल आम्ही लिहून ठेवलं होतं की, पूर्ण महिना गैरहजर असेल तर तो माफ. ही सवलत एखाद्याला कावीळ झाली, पाय मोडला तर असावी असं डोक्यात होतं. मुलांनी तिचा सरळ अर्थ घेतला आणि १७० जण अख्खा महिना घरी राहिले. स्थिर आकारापोटी जमा झाले ६३ हजार. नुसते पगारच १ लाख ५ हजारांचे. अण्णाने सहा माणसांना महिनाभर घरी बसवलं. मावश्यांमधल्या चारही जणी त्यात होत्या, आणि राहिलेल्या सत्तर मुलांनी महिनाभर पोळ्यांऐवजी भातच जास्त खाल्ला.

म्हणून २०१९च्या नोव्हेंबरसाठी वेगळा तक्ता केला. पीएलला पाच माणसांचीच मेस, माणसं आधी सांगून ठेवलेली. राहणाऱ्यांना रोजचे किती, यावर खूप वाद झाला. जाणाऱ्यांकडून काहीच घेतलं नाही तर राहणाऱ्यांना रोजचे ९५ पडत होते. जाणाऱ्यांकडून महिन्याचे दोनशे घेतले तर दर ८०वरच राहत होता. मी दोनशे घ्यावेत या बाजूचा होतो आणि समितीत ते मंजूर झालं. त्यावर एका पालकांचा फोन आला, अतिशय सभ्य आवाजात: “सर, पोरगा महिनाभर आमच्याकडेच जेवतोय, मग हे दोनशे कशाचे?” त्यांना मी पगार, गॅस, परत आल्यावर चूल पेटलेली असण्याची किंमत वगैरे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, “भरतो, पण पटलं नाही.” त्यांचं चूक आहे असं मला आजही म्हणता येत नाही.

मार्च २०२०च्या मध्यात कोरोनामुळे महाविद्यालयं बंद करण्याचे आदेश निघाले आणि दोन-तीन दिवसांत वसतिगृह रिकामं झालं. १७ तारखेला रात्री शेवटची पंगत झाली. कोठीत तांदळाची पोती होती, कांदा होता. मार्चचा स्थिर आकार अण्णाकडेच राहिला, त्यातून त्याने माणसांचे पगार भागवले. एप्रिलपासून तो कुणालाच लावला नाही. महिन्याचे उरलेले चौदा दिवस, चाळीसच्या दराने माणशी ५६० रुपये, मुलांच्या खात्यावर परत गेले, आणि त्या वेळी कुणाकडूनही खाड्याचा अर्ज मागितला गेला नाही.